फुटक्या माठातील रोपे

वैशाखाचे दिवस होते. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा हे गाव धानाच्या मुलखात वसलेले आहे. शेजारच्या कोसरा गावाशी त्याची अशी जोडी जमली आहे की, बोलताना लोक 'कोंढा-कोसरा' असे एका दमात म्हणतात. पावसाळ्यात या भागात जिकडे पाहावे तिकडे बांध्यांतून पाणी साचलेले असते आणि त्यात धानाची हिरवी रोपे डुलत असतात. वैशाखात मात्र हीच भूमी ओळखू येत नाही. बांध्यांना भेगा पडलेल्या असतात, तलावांचे पाणी तळाशी गेलेले असते, आणि दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. अशा दिवसांत कोणी पेरणीची गोष्ट काढली, तर ऐकणारा हसल्यावाचून राहणार नाही.

आणि तरीही गावातील एका कवेलूंच्या घरात, ओसरीच्या कोपऱ्यात, नेमक्या याच दिवसांत एक पेरणी चालली होती. शेत म्हणजे एका फुटक्या माठाचे बूड. मागल्या उन्हाळ्यात माठाच्या गळ्याला तडा गेला, तेव्हा घरातल्या आजीने तो फेकू दिला नव्हता. वरचा भाग हलक्या हाताने ठोकून तिने काढून टाकला होता, खाली एक भोक पाडले होते, आणि उरलेले पसरट बूड वर्षभर भिंतीशी पालथे घालून ठेवले होते. आता ते उताणे झाले होते. समोर आजी बसली होती आणि तिच्या शेजारी, शाळेला सुटी लागल्यामुळे दिवसभर काय करावे हे न सुचणारा, सातवीत जाणारा तिचा नातू.

"आजी, मिरची तर शेतात लावतात. मग ही घरात कशाला?" त्याने विचारले.

"शेतात लावतात, बाबू, पण ती जन्मते दुसरीकडे," आजी म्हणाली. "धानाचे पऱ्हे आधी एका ठिकाणी वाढवून मग त्यांची रोवणी करतात की नाही? तसेच हे."

आजीचे म्हणणे खरे होते. मिरचीचे बी फार लहान असते. चपटे, फिकट पिवळे, एका बाजूला किंचित खोलगट असे ते बी तळहातावर घेतले, तर फुंकरीसरशी उडून जाईल. एका ग्रॅममध्ये अशी दीडशेच्या वर बिया सहज मावतात. एवढेसे बी उघड्या रानात टाकले, तर काही मुंग्या नेतील, काही कोंबड्या उकरतील, आणि उरलेले पहिल्याच जोराच्या सरीने मातीत खोल गाडले जाईल. म्हणून शेतकरी विहिरीजवळ गादीवाफा करून त्यात रोपे वाढवितात व पावसाळा स्थिरावला की ती शेतात नेतात. आजीचे बी तर गादीवाफ्यासही पुरण्यासारखे नव्हते. म्हणून तिने वाफाच घरात आणला होता.

थंड देशांतही लोक मिरचीचे बी घरातच रुजवितात, पण त्यांचे कारण अगदी उलटे असते. इंग्लंडसारख्या देशात उन्हाळा इतका थोडा की, माघ-फाल्गुनाच्या सुमारास, बाहेर गारठा असतानाच, खिडकीच्या आतल्या बाजूला उबेत बी टाकावे लागते; नाहीतर फळ पिकण्यापूर्वीच पुन्हा थंडी येते. मिरचीच्या बियाला रुजण्यासाठी साधारण २५ ते ३० अंशांची ऊब आवडते. तिकडे ती ऊब मिळावी म्हणून बी घरात घेतात, आणि कोंढ्याच्या वैशाखात ती ऊब अतिरेकी होऊ नये म्हणून! जाड मातीच्या भिंती आणि वर कवेलू असलेल्या त्या ओसरीत बाहेरची आग पोहोचत नव्हती, एवढेच त्या बियांना पुरेसे होते.

ते बी इतके थोडे का होते, याचीही एक हकिगत आहे. मागल्या हंगामात घरच्या शेतात, धानाच्या बांधीला लागून असलेल्या उंचवट्याच्या तुकड्यावर मिरची लावलेली होती. रोपे चांगली धरली, फुले आली; आणि मग एकाएकी पाने आकसू लागली. काही पाने नावेसारखी वर वळली, काही चुरगळल्यासारखी झाली. शेतकरी या रोगाला 'चुरडा-मुरडा' म्हणतात. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी असे डोळ्यांना नीटसे न दिसणारे जीव पानांतील रस शोषतात, आणि पांढरी माशी तर जाता जाता रोगाचे विषाणूही एका झाडावरून दुसऱ्यावर पोहोचविते. पाहता पाहता सारा तुकडा खुरटला. परंतु धुऱ्याकडच्या ओळीत एक झाड मात्र जसेच्या तसे उभे होते. त्याची पाने सपाट होती, आणि फळे एकसारखी. आजीने त्या झाडाला लाल दोरा बांधला आणि घरात सर्वांना सांगून टाकले, "याची हिरवी मिरची कोणी तोडायची नाही."

फळे झाडावरच लाल झाली. ती तोडून अंगणात वाळत घातली, तो पौषात अवकाळी पाऊस आला. घरातली माणसे धान झाकण्यासाठी धावली, आणि त्या धावपळीत ते लहानसे सूप अंगणातच राहिले. मिरच्या भिजल्या, काळ्या पडल्या, त्यांना बुरशी आली. आजीने दोन मिरच्या आधीच वेगळ्या काढून चुलीजवळच्या खुंटीला टांगल्या होत्या, तेवढ्या वाचल्या. दोन मिरच्या म्हणजे काय मोठेसे, असे कोणासही वाटेल. बाजारात पाकीटबंद बियाणे मिळते. त्या संकरित वाणांचे उत्पन्नही चांगले येते, आणि त्या घरातही ते आणले जातच होते. पण संकरित झाडाचे बी राखून पेरले, तर पुढचे पीक तसेच उतरेल असे नसते. दर वर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. आजीची मिरची ही तिच्या सासूच्या हातची. ती कधी विकत आणलेली नव्हती. साखळीतल्या पुष्कळ कड्या एका चुरडा-मुरड्याने आणि एका पावसाने तुटल्या होत्या, आणि आता जे काही उरले होते ते खुंटीवरच्या त्या दोन फळांत होते.

बी काढण्याचे काम नातवाने हौसेने आपल्याकडे घेतले. त्याने मिरची मोडली, आतला पांढरा भाग नखाने खरवडला, बिया कागदावर पाडल्या, आणि मग विसरून डोळा चोळला. त्यानंतर घरात जो आरडाओरडा झाला, तो शेजारपाजारच्या चार घरांत ऐकू गेला असावा. डोळा पाण्याने धुऊन धुऊन निवला. हाताची आग मात्र पाण्याने जाईना. शेवटी आजीने तेल चोळले आणि मग राखेने व साबणाने हात धुवायला लावले, तेव्हा कोठे तो शांत झाला. मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तो ज्या पांढऱ्या गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यात तयार होतो. बियांना तो केवळ शेजाराने लागतो. त्या द्रव्याचे नाव कॅप्सायसिन. ते तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणूनच पाण्यापेक्षा आजीच्या तेलाचा उपयोग अधिक झाला.

आणखी एक गंमत अशी की, मिरचीने खरोखर काहीच जळत नाही. आपल्या शरीरात उष्णतेची वर्दी देणारी जी सूक्ष्म द्वारे आहेत, तीच या द्रव्याने उघडतात, आणि मेंदूला वाटते की चटका बसला! १९९७ साली अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्वार मिरचीतील या द्रव्याच्याच साहाय्याने शोधून काढले, आणि २०२१ साली ज्युलियस यांना दुसऱ्या एका शास्त्रज्ञासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पक्ष्यांच्या शरीरातील हे द्वार मात्र मिरचीला दाद देत नाही. पोपट लालभडक मिरची मिटक्या मारीत खातो. जनावरे दाढांनी बी चिरडतात, तर पक्षी ते अख्खे गिळून दूर कोठेतरी टाकतात. तेव्हा मिरचीने जनावरांना चटका द्यावा आणि पाखरांना मुक्तद्वार ठेवावे, यात तिचा केवढा तरी फायदा आहे. नातवाला ही गोष्ट पुढे शाळेत कळली. त्या दिवशी मात्र पोपटाच्या नशिबाचा हेवा करण्याइतकाही त्याला धीर नव्हता.

ज्या फळाने त्याला रडविले, ते मूळचे कोंढ्याचे नव्हे, महाराष्ट्राचे नव्हे, या खंडाचेही नव्हे. मिरची अमेरिकेची. मेक्सिकोतील लोक हजारो वर्षांपासून ती लावीत आले. १४९२ साली कोलंबस मिऱ्यांचा देश शोधीत निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला. तेथे त्याला ही तिखट फळे दिसली. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे, गोव्याच्या बाजूला आली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकघरात तिखटासाठी मिरी होती, पिंपळी होती, आले होते. १२९० साली 'ज्ञानेश्वरी' लिहिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात कोणाच्या भाकरीवर ठेचा नव्हता, हे ऐकून आज कोणालाही आश्चर्य वाटेल. मिऱ्याची जागा घेणारी म्हणून हिचे नाव मिरची पडले, आणि काही पिढ्यांतच ती अशी घरची झाली की, पाहुणी म्हणून तिला कोणी ओळखीनासे झाले. आता कोंढ्याच्या जवळपासच पाहावे. पवनीच्या बाजाराला मिरचीची ओळख करून द्यावी लागत नाही; पलीकडे नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला तर भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हंगामात या भागातील सातऱ्यांवर बायाबापड्या दिवसभर बसून लाल मिरच्यांचे देठ खुडतात, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्याला ठसका लागल्यावाचून राहत नाही. एवढा सगळा पसारा उभा राहतो तो अशाच चिमूटभर बियांतून. आणि त्यांतील प्रत्येक बी एके काळी कोणीतरी कागदावर वेचून घेतलेले असते.

नातवाने बिया मोजल्या. ८४ भरल्या. आजीने त्या वाटीभर पाण्यात टाकल्या आणि रात्रभर भिजू दिल्या. सकाळी १२ बिया वर तरंगत होत्या. त्या पोकळ असण्याचा संभव अधिक, म्हणून आजीने काढून टाकल्या. ८४ मधून १२ गेल्याचे नातवाला इतके वाईट वाटले की, त्याने त्या गुपचूप अंगणातल्या तुळशीच्या बुंध्याशी पेरून ठेवल्या. (त्यांतली एकही उगवली नाही, आजीचा अंदाज चुकत नसे.)

मग माती झाली. तलावातला वाळलेला गाळ फोडून, चाळून घेतला. त्यात जुने, मुरलेले शेणखत आणि वैनगंगेची वाळू मिसळली. ताजे शेण घेतले असते, तर त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे भाजली असती. नुसता गाळ घेतला असता, तर तो विटेसारखा घट्ट बसला असता. माठाच्या भोकावर एक खापरी ठेवून आजीने वर ती माती पसरली. बोटाच्या टोकाने तिने एकात एक अशी गोल वर्तुळे आखली आणि नातवाने त्यांत बोटाबोटाच्या अंतराने ७२ बिया ठेवल्या. वर नखभर जाडीचा मातीचा थर, आणि त्यावर ओल टिकावी म्हणून धानाचे तणस. पाणी वरून ओतायचे नाही. परातीत पाणी घेऊन त्यात माठ ठेवायचा, म्हणजे माती खालून आपल्याला हवे तेवढे पिऊन घेते. सगळे झाल्यावर आजी उठली आणि म्हणाली, "आता आठ-दहा दिवस इकडे बघायचे नाही."

ही आज्ञा पाळणे नातवाला जड गेले. पहिल्या दिवशी त्याने चार वेळा तणस उचलून पाहिले. दुसऱ्या दिवशी सहा वेळा. तिसऱ्या व चौथ्या दिवशीही माती जशीच्या तशी. ती इतकी स्वस्थ होती की, आत काही चालले आहे यावर विश्वास बसू नये. वास्तविक आत पुष्कळ काही चालले होते. बी पाणी पिऊन फुगले होते; आतला साठवलेला अन्नाचा ठेवा विरघळू लागला होता; आणि ज्या बाजूला बी किंचित टोकदार असते, तेथून एक पांढरे मूळ बाहेर पडून खाली वळू लागले होते. बियातून प्रथम बाहेर येते ते मूळ, पान नव्हे. डोळ्यांना दिसणारे पान येण्यापूर्वी झाडाने आपली पाण्याची सोय करून ठेवलेली असते.

पाचव्या दिवशी दुपारी घरातली माणसे निजली असताना नातवाने काडेपेटीतली एक काडी घेतली आणि बाहेरच्या वर्तुळातले एक बी हळूच उकरून काढले. बियाला तांदळाच्या कणीएवढी पांढरी शेपटी फुटलेली होती! त्याला इतका आनंद झाला की, क्षणभर श्वासच थांबला. मग ते परत जागी ठेवण्यासाठी त्याने काडीने ढकलले, आणि ती शेपटी मोडून पडली. आवाज झाला नाही, काही नाही. त्याने घाईघाईने माती सारखी केली. त्याला वाईट वाटले, हे खरे; परंतु दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पुन्हा एक बी उकरले, या वेळी अधिक जपून. तेही मोडले. असे करता करता तीन दिवसांत सहा बिया गेल्या. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही.

नवव्या दिवशी पहाटे तणसाखाली मातीला बारीक भेग दिसली आणि तिच्यातून एक हिरवट कमान वर आली. मिरचीचे रोप डोके वर करून उगवत नाही; मान वाकवून, पाठीने माती सारीत ते येते, म्हणजे कोवळ्या पानांना खरचटत नाही. बाहेर आल्यावर मग ते हळूहळू ताठ होते. काही रोपांच्या डोक्यावर बियाचे टरफल टोपीसारखे अडकून राहिले होते. नातू ती टोपी काढण्यास निघाला. आजीने त्याचे मनगट धरले आणि ओल्या बोटाने टरफलावर फक्त पाण्याचा थेंब सोडला. संध्याकाळपर्यंत टोपी आपोआप गळून पडली. चार-पाच दिवसांत रोपांची संख्या ४९ झाली. प्रत्येकाला दोन अरुंद, टोकदार पाने. ती मिरचीची खरी पाने नव्हेत. बियातच घडी घालून ठेवलेली ती दोन दले. खरी पाने त्यांच्या मधून मागाहून येतात.

आता नातवाचा सारा दिवस ओसरीत जाऊ लागला. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. सगळी रोपे दाराकडे झुकत होती. कोणीतरी हाक मारली असावी, अशी ती एकजात त्या बाजूला वाकली होती. आजीने रोज सकाळी माठ थोडा फिरवायला सांगितले. तसे केले की दुसऱ्या दिवशी रोपे पुन्हा वळून दाराकडेच पाहत. या लहानशा गोष्टीने एका फार मोठ्या शास्त्रज्ञालाही गुंतवून ठेवले होते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या अंकुरांवर प्रयोग केले. अंकुराच्या शेंड्यावर टोपी घालून तो झाकला, तर अंकुर प्रकाशाकडे वळत नाही. खालचा भाग झाकला, तरी शेंडा मोकळा असला की तो वळतो. म्हणजे प्रकाश पाहतो शेंडा आणि वाकते खालची मान! १८८० साली त्यांनी हे पुस्तकातून प्रसिद्ध केले. शेंड्यातून खाली येणारे ऑक्सिन नावाचे द्रव्य सावलीच्या बाजूला अधिक साठते, त्यामुळे ती बाजू अधिक लांब वाढते आणि रोप उजेडाकडे कलते, हा उलगडा पुढे विसाव्या शतकात झाला. फार अंधारात ठेवलेले रोप उजेडाच्या शोधात उंच, पण काडीसारखे पोचट होते. म्हणून आजीने माठ दाराच्या आणखी जवळ सरकविला; ऊन लागणार नाही, पण आभाळ दिसेल इतका.

आणि मग ती वाईट दुपार आली. बाहेर झळा वाहत होत्या. घामाघूम झालेल्या नातवाने थंड पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि त्याच वेळी त्याची नजर रोपांवर गेली. आपल्याला एवढी तहान लागते, मग या चिमुकल्या जिवांना किती लागत असेल! त्याने तांब्यातले पाणी माठात ओतले. दुसऱ्या दिवशीही ओतले. तिसऱ्या दिवशीही. माती चिखलासारखी झाली. चौथ्या दिवशी सकाळी तो येऊन पाहतो, तो एका बाजूची रोपे आडवी झालेली. पाने अजून हिरवी होती. पण मातीलगतचा देठ पाणचट, तपकिरी आणि सुतासारखा बारीक झाला होता. संध्याकाळपर्यंत आणखी काही पडली. साचलेल्या ओलीत आणि दाट गर्दीत वाढणारी एक सूक्ष्म बुरशी कोवळ्या रोपांची मान अशी मातीलगत कुजविते. तिला तहानेची दया येत नाही, आणि ओलीच्या दयेचा ती फायदा घेते. नातवाने मोजले. २६ रोपे गेली होती. २३ उरली होती.

रात्री तो जेवायला बसला नाही. वडील म्हणाले, "त्यात एवढे काय? उद्या पवनीहून बियाण्याचे पाकीट आणतो." ते समजुतीनेच बोलले, पण त्याने नातवाचे डोळे अधिकच भरून आले. अंगणात खाटेवर आजी पडली होती. तो तिच्या पायथ्याशी जाऊन बसला आणि त्याने सगळे सांगून टाकले: तांब्यातले पाणी, आणि त्याच्याही आधीची ती काडेपेटीची काडी. सहा बिया.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सहाच ना? मी दहा धरल्या होत्या."

दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. मेलेली रोपे भोवतालच्या मातीसकट चमच्याने उचलून दूर टाकली. माठ दोन विटांवर ठेवला, म्हणजे खालून वारा जाईल. तणस काढून टाकले. वरची माती सुकेपर्यंत पाणी बंद. बोट पेराएवढे मातीत घालून पाहायचे. कोरडे निघाले तरच परातीत पाणी घ्यायचे. ते बोट घालण्याचे काम आजीने नातवालाच दिले. पहिले दोन दिवस तो माठाजवळ जायला कचरत होता. तिसऱ्या दिवशी गेला. रोपे पडायची थांबली. आठवडाभरात उरलेल्या रोपांना मधून खरी पाने फुटली, रुंद आणि गर्द हिरवी. तीन रोपे मात्र खुजीच राहिली आणि पुढे सुकून गेली.

मृग लागला, तेव्हा रोपे वीतभर व्हायला आली होती. पण सावलीत वाढलेले रोप एकदम उन्हात नेले, तर त्याची पाने पांढरी पडून करपतात. म्हणून आधी सकाळचे तासभर ऊन, मग दोन तास, मग बांबूच्या झाकणाखाली अर्धा दिवस, अशी त्यांना सवय लावली. वाऱ्याने ती हलत, तसे त्यांचे देठ जाड होऊ लागले. एका संध्याकाळी पाऊस नुकताच थांबलेला असताना आजी, वडील आणि नातू शेतावर गेले. मोठ्या तुकड्यात पाकिटातल्या बियांची रोपे आधीच लावून झाली होती. पोटापाण्याचे पीक ते. धुऱ्याकडच्या कोपऱ्यात आजीने जागा राखून ठेवली होती. तेथे १५ रोपे लागली. उरलेली पाच तिने शेजारणीला दिली. नातवाला ते मुळीच आवडले नाही. आपल्यालाच थोडी, त्यात दान कसले?

"एकाच घरात बी ठेवले, तर काय होते ते पौषात पाहिलेस ना?" आजी म्हणाली.

पावसाळाभर नातू शाळेतून येताना शेतावरून येऊ लागला. १५ पैकी एक रोप कशाने तरी कुरतडले. १४ वाढली. भाद्रपदात पांढरी, खाली मान घातलेली फुले आली. आश्विनात पुन्हा तो रोग आला, आणि या कोपऱ्यालाही त्याने सोडले नाही; पाच झाडांची पाने आकसली. मागल्या वर्षीचे ते झाड रोगाला खरोखर पुरून उरले होते, की केवळ दैवाने वाचले होते, हे एका वर्षाने कसे कळावे? शिवाय मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात, तेव्हा त्या बियांत सगळा अंश त्याच झाडाचा असेल असेही नाही. आजीने पाच झाडे पाहिली, काही बोलली नाही, आणि ती उपटून टाकली. राहिली नऊ.

कार्तिकात फळांवर लाली चढू लागली. एका सकाळी आजीने नातवाच्या हातावर लाल दोरा ठेवला. तिचे गुडघे दुखत होते. धुऱ्यापर्यंत जाणे तिला आता जमण्यासारखे नव्हते. "पाने सपाट पाहा. फळे एकसारखी पाहा. घाई करू नको," एवढेच ती म्हणाली.

धानाची कापणी सुरू झाली होती. धुऱ्यावर दव होते. नातवाने नऊही झाडे एकेक करून पाहिली. पाने उलटून खालची बाजू पाहिली, फळे मोजली, मग पुन्हा पहिल्या झाडापासून सुरुवात केली. शेवटी दोन झाडे उरली. एकाला फळे अधिक होती; दुसऱ्याची थोडी कमी, पण पाने अशी की जणू कालच उमलली आहेत. शाळेची घंटा लांबून ऐकू आली. दोरा अजून त्याच्या मुठीतच होता. तो खाली बसला आणि दुसऱ्या झाडाची पाने त्याने आणखी एकदा, अगदी बुंध्यापासून, पाहायला घेतली.